एकदा दाबला की हो

नाही, नाही, ते मला माहीत आहे आजी — नर्सबाई दारातच म्हणाल्या, त्यांना बोलता येत नाही, त्यांना विचारून काय उपयोग — पण मी म्हटलं, मला जरा बसू द्या त्यांच्याजवळ, बाकी काही नको. मी भिंगरीची आई. हो, तीच, तुमच्याकडे येते ती, नववीतली, दोन वेण्यांची, एका जागी बसत नाही ती. ती घरी नाही आजी. काल सकाळी युनिफॉर्म घालून, दप्तर पाठीला लावून निघाली, मी जिन्यात उभी राहून विचारलंसुद्धा, डबा घेतलास का — हो म्हणाली, मागे वळून न बघता — आणि शाळेत पोचलीच नाही. रात्रभर घरी नाही. फोन उशीखाली ठेवून गेली आहे, बंद करून. म्हणजे विसरली नाही, ठेवून गेली. मैत्रिणींच्या घरी जाऊन आले, तिच्या बाईंच्या घरी जाऊन आले, काल दुपारनंतर सगळा वेळ पोलीस चौकीच्या बाकड्यावर काढला — ते विचारतात, अंगावर काय कपडे होते, घरात भांडण झालं होतं का, कोणी मुलगा वगैरे आहे का — आणि मी आपली एकच सांगते, साहेब, माझी मुलगी चांगली आहे. चांगली आहे म्हणून सापडते का कोणी? आणि तुमचं नाव मला सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, तुम्ही माझ्या ध्यानातच नव्हता. आज पहाटे चहाचं आधण ठेवलं आणि एकदम लख्खकन डोक्यात आलं — अगं, ती तर सगळं त्या आजींना सांगते.

बसते हं इथे, खुर्चीवर. ही खुर्ची तिचीच ना? बरोबर. पाय वर घेऊन बसत असेल, घरी तसंच बसते.

तुम्हाला वाटेल, कसली आई, इतके महिने मुलगी येते आणि ही एकदा तोंड दाखवायला आली नाही. पण आजी, मी लाँड्रीत आहे — मोठी लाँड्री, हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, रुग्णालयाचे गाऊन, सगळं आमच्याकडे येतं — इस्त्रीच्या गरम रुळातून चादर बाहेर पडली की दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, एकमेकींकडे चालत जायचं, टोकाला टोक लावायचं, परत मागे. दिवसभर ते एकच. घरी येते तेव्हा हातात जीव नसतो. तर शाळेनं जेव्हा हे काढलं, की नववीच्या प्रत्येकाने समाजसेवा करायची, ठरलेले तास भरायचे, तेव्हा मी म्हटलं, झालं, आता हे आणखी. कोणी झाडं लावायची, कोणी मैदान झाडायचं, कोणी जुने कपडे गोळा करायचे, कोणी छोट्या मुलांना पाढे शिकवायचे. मी तिला म्हटलं, तू छोट्यांना शिकव, आपल्या गल्लीतच आहे, अंधार व्हायच्या आत घरी. पण हिची मैत्रीण इथे येणार होती वृद्धाश्रमात, म्हणून हिनेही इथलंच नाव दिलं. मैत्रिणीनं पहिल्याच दिवशी वास येतो म्हणून नाक मुरडलं आणि ती गेली झाडं लावायला. ही राहिली. का राहिली, तर म्हणे, आई, झाडांना कोणीही पाणी घालेल.

पहिल्या दिवशी घरी आली. मी म्हटलं, काय केलं मग समाजसेवेत? तर म्हणाली, काही नाही, मला एका आजींजवळ बसवलं, त्या बोलत नाहीत, मी पण नाही बोलले, दोघी छताकडे बघत बसलो. मला हसू आलं. जिला बापाने भिंगरी नाव ठेवलं — दोन मिनिटं एका जागी ठरत नाही म्हणून — तिला शाळेनं काम काय दिलं, तर बसायचं. ते असते तर पोट धरून हसले असते. ती सहावीत होती ते गेले तेव्हा. हे तिने तुम्हाला सांगितलंच असेल. मला वाटलं चार दिवसांत कंटाळेल. कसली कंटाळते, हळूहळू इथलंच सगळं घरात यायला लागलं. आज आजींचे केस विंचरले, आज आजींची नखं कापली, आजींना दूध कोमट लागतं, गरम दिलं तर ओठ मिटून घेतात. आणि मग तो हातांचा खेळ. तुमचा डावा हात चालतो, हे इथल्या सगळ्यांना माहीत होतं, पण त्याच्याशी बोलता येईल हे तिच्याच डोक्यातून निघालं — एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही. मग घरी माझ्यावर सराव. मी जेवायला बसले की माझा हात धरायची, आई, भाजीत मीठ जास्त झालं? बोलू नकोस, दाब. आई, उद्या सुट्टी घेशील? दाब. मी दोनदा दाबायचे. मी दोनदाच दाबत आले बहुतेक.

तास भरून झाले तरी ती यायची थांबली नाही. बाकीच्या मुलांचे झाले, सगळी मोकळी झाली, शाळेत टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, आणि ही शाळा सुटल्यावर परत इथेच. तेव्हा मात्र मला — कसं सांगू — मला राग आला तुमचा. हो. चेहरा न पाहिलेल्या बाईचा राग. माझ्याशी बोलताना हो, नाही, बघते, एवढंच, आणि इथे तासन्‌तास काय बोलत असेल ही? मी एकदा विचारलं, काय एवढं बोलता गं? तर म्हणाली, आजी ऐकतात, मध्येच सुरू होत नाहीत.

तर द्या आता हात. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते? हं. कळतंय. एकदा. थांबा, असं करते, तुमचा हात खाली माझ्या मांडीवर घेते. हं. आता मी विचारते, तुम्ही सांगा. काल आली होती ती इथे? नाही. परवा, रविवारी? हो. रविवारी आली होती. बोलली तुमच्याशी? हो. कुठे जाणार ते बोलली?

आजी, डोळे मिटू नका. ऐका ना. मी कोणावर ओरडायला आले नाही. ती जिथे असेल तिथून मी तिला हाताला धरून आणीन, एक शब्द बोलणार नाही, तुमच्या पाया पडते — बरं, ते राहू द्या. एक विचारते. कोणी मुलगा आहे का? नाही. नक्की? दोनदाच दाबलात ना? बरं झालं. नाही, बरं काय झालं, तसं असतं तर निदान कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं ते तरी कळलं असतं.

माझ्यावर चिडून गेली का? रविवारी आमचं वाजलं, ते माझ्यामुळेच. मी म्हटलं तिला, दहावी तोंडावर आली, आता ते आश्रम बिश्रम बंद, उद्यापासून शाळा सुटली की सरळ घर. चुकलं का माझं? कोणतीही आई हेच म्हणेल. तिला ते लागलं, तिने आदळआपट केली, आणि सकाळी — काय? नाही? नाही म्हणजे? दोनदा दाबलात तुम्ही. भांडण झालं ते मला माहीत आहे, मी होते तिथे. त्यावरून ती गेली नाही, असं म्हणताय?

म्हणजे तिने तुम्हाला सांगितलंय.

रविवारी दुपारीच सांगितलं होतं? भांडणाच्या आधी? त्या डॉक्टरांचं सांगितलं का, इथे तपासायला येतात त्यांना तिने काय विचारलं ते? हो. आणि माझं? माझं पण सांगितलं?

नर्सबाई नाहीत ना इकडे? नाहीत. तो पडदा जरा ओढते.

इथे गाठ आहे आजी. काखेच्या खाली, या बाजूला. वाटाण्याएवढी होती आधी, आता तशी नाही राहिली. मी कोणाला बोलले नाही. लाँड्रीत माझ्या समोर टोक धरते ती बाई एकदा म्हणाली, काय गं, तुझं टोक खाली येतंय, मी म्हटलं खांदा धरलाय. मग मी जागा बदलून घेतली, रुळाच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे हा हात कमी उचलावा लागतो. चाललं होतं. आपलं दुखणं आपल्याजवळ ठेवायला काय लागतं — तोंड बंद ठेवायचं, झालं. पण ही पोरगी. वरच्या फळीवरचा डबा मी तिला काढायला सांगते, हे तिच्या लक्षात आलं. आधी मीच काढायचे, मग स्टूल घ्यायला लागले, मग तिला सांगायला लागले. हे असलं बघायला कुठे शिकली? इथेच शिकली ना? तुमचा कुठला हात हलतो, कुठला नाही, पाणी पिताना कुठल्या बाजूने सांडतं — दिवसभर बघत बसायची आणि तेच डोळे घेऊन घरी यायची. मग एके दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले, तर दारात उभी. आई, दाखव. मी म्हटलं, वेडी आहेस का. तर म्हणाली, डॉक्टर म्हणाले, दुखत नसेल तरी दाखवायचंच. म्हणजे परक्या माणसाला जाऊन विचारून आली होती माझ्या अंगाचं. मी एक ठेवून दिली. हलकीच, पण दिली.

का नाही दाखवत, असं बघता ना तुम्ही? तीही असंच बघते. आजी, माझी आई याच्यातच गेली. तिने दाखवलं होतं. सगळं दाखवलं, कापलं, औषधं झाली, केस गेले, चव गेली, अंथरुणावर अशी चिमटीएवढी झाली, आणि गेली ती गेलीच. मी उशाशी होते. त्यामुळे मला कोणी सांगू नये की दाखवलं म्हणजे सगळं नीट होतं. न दाखवता निदान हिची दहावी होईल. निदान हिला कुठल्या तरी कॉलेजात घालून होईल. मी माझ्या मनात सगळं बसवलं होतं, एवढं काढायचं, मग बघू. आणि रविवारी ही माझ्यासमोर उभी राहून म्हणते — आजी, ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, आई, मी रोज जाऊन एका परक्या आजींचा हात धरून बसते. शाळेनं सांगितलं म्हणून सुरू केलं, आता मला आवडतं म्हणून जाते. तुझा हात मला का धरू देत नाहीस?

मी काय म्हणाले? मी म्हणाले, जास्त शहाणपणा नको, तू तुझी सेवा शाळेत दाखव. असं म्हणाले. आणि दिवा बंद केला.

पदर — थांबा. डोळ्यांना काही नाही, हवेनं होतं.

सांगा ना आता. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, माझंही, तिचंही. कुठे गेली ती? दवाखान्यात? नाही. तिच्या काकाकडे? नाही. हो, काका काय, तेराव्यानंतर तोंड नाही दाखवलं त्याने. शाळेतल्या बाईंकडे मी जाऊन आले. मग उरलं कोण? आम्हाला आहे कोण, आजी, दोघीच तर आहोत. दोघीच. म्हणजे —

नाही. तिकडे नाही जाणार ती. तिला पत्तासुद्धा माहीत नाही.

ताईकडे?

परत दाबा. माझ्या बहिणीकडे? तिच्या मावशीकडे?

हो.

अगं बाई. अगं, पण ते कुठल्या कुठे आहे. सकाळी गाडीत बसलं तर पोचायला अंधार होतो, आणि ते काही चार घरांचं गाव नाही. तिने मावशीला पाहिलं तेव्हा ही एवढीशी होती, फ्रॉकमध्ये. तिला एवढंच माहीत असणार, की मावशी बालवाडीत शिकवते आणि बालवाडीच्या भिंतीवर मोठं कासव रंगवलंय. कासवाची भिंत विचारत फिरली असेल का ती रात्री? तुम्ही तिला थांबवलं नाहीत? हो, तुम्ही काय थांबवणार. हात तरी दाबायचा होतात दोनदा. दाबलात? दाबलात. तिने ऐकलं नाही. तिने ऐकलं असतं तर ती माझी मुलगी कशी.

ताईचं आणि माझं बोलणं नाही, हे तिने सांगितलं असेल. आई आजारी होती तेव्हा ताई आली नाही. तिचं स्वतःचं बाळ आजारी होतं, कोणी म्हणालं, तापात होतं, असेल — पण आई दाराकडे बघत होती आजी, शेवटपर्यंत दाराकडे. मी ताईला म्हटलं, तू मला मेलीस. तिचा नंबर पुसून टाकला. मग माझा नंबरही बदलला, म्हणजे तिने करायचं म्हटलं तरी लागू नये. आणि माझ्या पोरीनं शोधून काढली कोण, तर ताई. का? मी जगात एकाच माणसाचं ऐकायचे लहानपणी म्हणून? हे तिला कोणी सांगितलं? मीच सांगितलं असेल कधीतरी. ताई विहिरीत उडी मार म्हणाली असती तर मारली असती, असं काहीतरी.

ताईला आणायला गेली आहे ती? मला दवाखान्यात न्यायला?

मला वाटलं ती मला सोडून गेली. काल रात्रभर मी तेच — कपाट उघडून बघत होते, तिचे कपडे आहेत का, आहेत, सगळे आहेत, आणि तरी मनात तेच, की तिला माझा वीट आला. मला सोडून नाही गेली?

नाही. बरं. बरं.

एक सांगा. मी इथे येईन, हे तिला माहीत होतं? तिने सांगून ठेवलं होतं तुम्हाला, आई येईल म्हणून?

काल यायला हवं होतं मी. तिला वाटलं असेल, आई संध्याकाळपर्यंत आजींकडे पोचेल, आणि मी बसले चौकीत. मला तुम्ही आठवला नाहीत. तुम्ही मला माणूसच — जाऊ द्या. मी उठते आता. शाळेत जाते, त्या बाईंना म्हणते, तिथल्या बालवाड्या शोधा, फोन लावा, नाहीतर सरळ गाडीत बसते. सोडा आजी. हात सोडा. आजी, उशीर होतोय, माझी मुलगी तिथे एकटी — तुम्हाला दूध हवंय का? नाही. कूस बदलायची आहे? नाही. मग काय हवं? केवढा जोर आहे तुमच्या हातात. हेही तिनेच सांगितलं का, आई उठायला लागली की सोडू नका?

एकदा.

कधीपर्यंत? डॉक्टरांकडे जाईन म्हणेपर्यंत?

आजी, मी आत्ता काही म्हणेन. सुटण्यासाठी माणूस काहीही म्हणतो. आधी मुलगी सापडू दे, मग तुमच्यासमोर — नाही? दोनदा. तुम्ही दोघी मिळून मला — अहो, मला भीती वाटते. बाकी काही नाही. हे तिला नाही सांगितलं मी, तुम्हाला सांगते. मला त्या खोलीत जायची भीती वाटते, त्या पलंगावर आडवं व्हायची, छताकडे बघायची. तुम्हाला ते सांगायची गरज नाही. तुम्ही तर रोजच.

कोण? हो, मीच. या ना, पडदा सरकवा. काय झालं नर्सबाई? माझ्यासाठी फोन? इथे? इथल्या नंबरवर कोण करेल — कोण बोलतंय म्हणालात? बालवाडीतून? हा नंबर मुलीनेच दिला, आई आजींकडेच असेल म्हणाली? मुलगी आहे ना तिच्याबरोबर? आहे. आहे म्हणाल्या. धडधाकट आहे? जेवतेय? असं म्हणाल्या, जेवतेय? आजी, ऐकलंत, ती जेवतेय.

द्या. नाही, थांबा, आजी माझा हात सोडत नाहीत, आणि हा दुसरा — नर्सबाई, तुम्हीच जरा धरा फोन माझ्या कानाला. हा हात वर जात नाही. नाही, खांदा नाही. खांदा नाही धरलेला. सांगते तुम्हाला, डॉक्टर आले की त्यांनाही सांगते, इथेच थांबते, आधी कानाला लावा.

ताई.

हो. मीच.

खरं सांगतेय ती. हो, याच बाजूला. आईसारखंच.

तू ये.